दोनवर बर्फ, चारवर वाळू

मी नोकरीला लागले त्या दिवशी सर डोक्याला शांपू लावून ऑफिसात बसले होते.

मीरा रोडला, स्टेशनच्या पूर्वेला, एका फरसाणवाल्याच्या वर पहिल्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे त्यांचाच जुना वन रूम किचन. ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आता शेजारच्या विंगमध्ये राहायचे. दार उघडंच होतं. टेबलामागे एक उंच, हडकुळे गृहस्थ. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, दोरी लावलेला चष्मा आणि डोक्यावर पांढऱ्या फेसाचा ढीग. फेस हळूहळू कानांकडे निघाला होता.

“बसा,” ते म्हणाले. “मुलाखत घेऊ. मध्येच मला उठावं लागलं तर गैरसमज करून घेऊ नका.”

मराठी टायपिंग येतं का, ‘आणि’ची वेलांटी पहिली की दुसरी, भाईंदरहून यायला त्रास होणार नाही ना, असं विचारता विचारता त्यांनी एकदम डोळे गच्च मिटले. “लिहा, लिहा! डोळे चुरचुरायला लागायच्या आत धुवावे!” असं ओरडून ते भिंत चाचपडत बाथरूमकडे गेले. मी समोरचा कागद ओढला आणि लिहिलं.

नंतर कळलं की शांपूच्या पुडीवरच्या सूचना मराठीत करायचं काम आलं होतं. इंग्रजीत होतं, लावून थोडा वेळ ठेवा आणि मग धुवा. थोडा वेळ म्हणजे किती, हे समजल्याशिवाय सर लिहायला तयार नव्हते. कंपनीने त्यांचं वाक्य अर्थातच घेतलं नाही. मला मात्र नोकरी मिळाली, कारण मी प्रश्न न विचारता लिहून घेतलं होतं.

आमचा धंदा अनुवादाचा. डब्यांवरच्या सूचना, औषधांची माहितीपत्रकं, मिक्सरबरोबर येणारी पुस्तकं. अंधेरीची एक एजन्सी कामं पाठवायची, सर अनुवाद करायचे, मी टाइप करायचे आणि फोन, बिलं आणि सर या तिन्ही गोष्टी काकू सांभाळायच्या. सर आधी मुंबईत एका औषधाच्या कारखान्यात लेबलं तपासायच्या खात्यात होते. तिथून लवकर निवृत्ती घेऊन मीरा रोडला आले होते. तिथे काय झालं होतं की काहीच झालं नव्हतं, कोण जाणे, पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती. “लोक आपलं लिहिलेलं वाचतात आणि तसं करतात,” ते म्हणायचे. “कवितेचं तसं नसतं. कविता वाचून कोणी काही करत नाही.”

म्हणून ते आधी स्वतः करून बघायचे. गादीच्या गॅरंटी कार्डासाठी ते गादीच्या दुकानात दुपारभर झोपले होते, आणि दुकानदाराने उठवलं तेव्हा कूस बदलून म्हणाले, “अजून डावी बाजू राहिलीये.” कुकरच्या पुस्तकासाठी काकूंनी आठवडाभर वरण-भात केला आणि सर शिट्टीसमोर स्टूल टाकून बसले. आग विझवायच्या नळकांड्याचं काम आलं तेव्हा त्यांनी गॅलरीत बादलीत वर्तमानपत्र पेटवलं. आग विझली, पण सोसायटीचे सेक्रेटरी पेटले. ढेकणांच्या औषधाचं काम आलं, त्यात ‘डोळ्यांत गेल्यास’ असा परिच्छेद होता. काकूंनी बाटली लोखंडी कपाटात ठेवून किल्ली मंगळसूत्रात अडकवली आणि तो परिच्छेद मला दिला.

‘इत्यादी’ हा शब्द आमच्या ऑफिसात चालायचा नाही. “इत्यादी लिहिण्यापेक्षा सरळ लिही की पुढचं मला माहीत नाही,” सर म्हणायचे.

मला तिथे तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा पिकअपचं काम आलं. 

परदेशातली एक गाड्यांची कंपनी नवा पिकअप भारतात आणणार होती. त्याबरोबर द्यायचं जाडजूड पुस्तक मराठीत करायचं होतं. आमची कामं त्या वर्षी आटत चालली होती. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, “हे काम वेळेत गेलं तर एजन्सी त्यांची पुढची पुस्तकंही आपल्याला देईल. नाही गेलं तर मी ऑफिस बंद करून जागा भाड्याने देणारे. यांना सांगू नकोस.” यांना सांगायची गरजच नव्हती. खालचा फरसाणवाला दर दोन दिवसांनी वर येऊन भिंती बघून जायचा. “सर, इधर भट्टी नहीं लगाऊँगा,” तो प्रेमाने सांगायचा. “सिर्फ माल रखूँगा. गाठिया, पापडी, बस.”

सीटबेल्ट, बॅटरी, वायपर हे सगळं पटापट झालं. मग एक प्रकरण आलं आणि सर थांबले.

त्या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी एक गोल बटण होतं. गाडी एकच, पण बटण फिरवलं की तिचा स्वभाव बदलायचा. पहिला मोड साध्या रस्त्याचा. मग बर्फाचा, मग चिखलाचा, मग वाळूचा. बटण बर्फावर ठेवलं की तुम्ही ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी सबुरीनेच घेणार, वरच्या गिअरमध्ये सुटणार आणि एखादं चाक जागच्या जागी गरगरायला लागलं की लगेच ब्रेक लावून त्याला आवरणार. वाळूवर ठेवलं की बरोबर उलटं. जरा दाबलं की गाडी झेपावणार, खालचा गिअर सहजासहजी सोडणार नाही आणि चाक गरगरलं तर गरगरू देणार.

“दोन्ही रस्ते निसरडेच ना?” सर म्हणाले. “मग एका ठिकाणी चाकाला आवरायचं आणि दुसऱ्या ठिकाणी मोकळं सोडायचं, हे कसं काय?”

“सर, मुळात तसंच आहे,” मी म्हटलं.

“मुळात काय आहे ते दिसतंय मला. खरं काय आहे ते विचारतोय.”

सरांना गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा येत नव्हती. रिक्षात बसले तरी ते समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायचे. त्यांनी अंधेरीच्या एजन्सीतल्या मॅडमना फोन लावला आणि म्हणाले, गाडी दोन दिवस पाठवून द्या.

मॅडम हसल्या असाव्यात. “सर, गाडी अजून इंडियात आलीच नाहीये. बुक फक्त आलंय.”

“गाडीच्या आधी पुस्तक कसं आलं?”

“सर, प्लीज. फक्त ट्रान्सलेट करायचंय.”

सरांनी फोन ठेवला आणि खिडकीतून खाली बघत बसले. खाली पास्कूचा पिकअप उभा होता.

पास्कू समुद्रकाठच्या उत्तनचा. त्याची बायको आमच्या गल्लीच्या तोंडाशी मासळी घेऊन बसायची. पास्कू सकाळी आपल्या जुन्या पिकअपमधून मासळीचे टब आणि बर्फ आणून टाकायचा आणि दुपारी रिकामा असायचा. गळ्यात क्रूस, अंगात बर्मुडा, आवाज असा की समोरच्या बोटीशी बोलतोय असं वाटावं. सर खाली गेले, मी मागोमाग गेले.

“पास्कू, तुझ्या गाडीत मोड किती?”

“मोडलेलं लय हाय सर,” पास्कू म्हणाला. “तुम्हाला काय पायजे?”

सरांनी त्याला अर्धा तास समजावलं. पास्कूने सगळं मन लावून ऐकलं. उत्तनमध्ये एकाही गाडीला मोड न्हाय, एवढं त्याला कळलं आणि तेवढं त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर एक पिशवी घेऊन आले. पिशवीत फॅनचा जुना रेग्युलेटर होता, काळा, वाटीएवढा, एक ते पाच आकड्यांचा. घरात नवा छोटा बसवल्यावर काकूंनी तो माळ्यावर टाकला होता. सरांनी तो चिकटपट्टीने पास्कूच्या डॅशबोर्डवर बसवला. त्याच्या दोन तुटक्या वायरी खाली लोंबत होत्या.

“आता हा गाडीला जोडायचा कसा?” मी विचारलं.

“गाडीला नाही, पास्कूला,” सर म्हणाले.

म्हणजे असं, की सर रेग्युलेटर फिरवणार आणि पास्कू त्या आकड्याप्रमाणे गाडी चालवणार. एकवर साधा रस्ता, दोनवर बर्फ, तीनवर चिखल, चारवर वाळू. गाडी पास्कूची, पुस्तक सरांचं, आणि मधला कॉम्प्युटर म्हणजे पास्कूचा उजवा पाय.

“पाचवर काय?” पास्कूने विचारलं.

“पाचवर काही नाही. रिकामा.”

“मंग पाचवर मी च्या पितो.”

काकूंनी मला बरोबर पाठवलं. “काम घेऊन ये नाहीतर नको घेऊन येऊस,” त्या म्हणाल्या. “यांना मात्र घेऊन ये.”

बर्फाची सोय सरांनी उत्तनच्या बर्फाच्या कारखान्यात केली होती. तिथे बर्फाच्या लाद्या फोडून भुगा करतात आणि तो बोटींसाठी भरून देतात. अंगणात सिमेंटचा एक चढ होता. सरांनी पास्कूच्या नावावर टबच्या टब भुगा घेतला आणि त्या चढावर पसरायला लावला. बर्फ न्यायला आलेल्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. कारखान्याचा मॅनेजर धावत आला. “अरे, ये क्या चल रहा है? मछली किधर है?”

“मछली नहीं है,” सर म्हणाले. “अनुवाद है।”

सरांनी रेग्युलेटर दोनवर आणला. पास्कूने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली, पाय असा ठेवला जणू खाली कोणाचं तरी बोट आहे, आणि गाडी हूं की चूं न करता चढ चढून गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी मान हलवली, पुन्हा खाली यायला सांगितलं आणि रेग्युलेटर एकवर आणला. आता पास्कूने नेहमीसारखी गाडी मारली. मागची चाकं बर्फावर गरगरली, गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली, मग सावकाश, आडवी होत, मागे घसरायला लागली. बायका ओरडत पांगल्या. पिकअपने मागचा रिकाम्या टबांचा मनोरा पाडला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“पाच?” पास्कूने आशेने विचारलं.

मॅनेजरने आम्हाला फाटकाबाहेर काढलं. मला वाटलं, चला, एक मोड झाला. पण परतीच्या वाटेवर, भाईंदरच्या अलीकडे, सर म्हणाले, “तो बर्फ नव्हता. कडक झालेलं पाणी होतं. पुस्तकातला बर्फ वरून पडतो.”

चिखल उत्तनच्या वाटेवरच्या डोंगरीजवळ एका शेताच्या कडेला मिळाला. तिथे फार काही झालं नाही. सरांची उजवी चप्पल चिखलात गेली ती वर आली नाही, आणि ते डावी हातात घेऊन घरी आले. चिखलावर मात्र त्यांनी झरझर लिहिलं. काकूंनी मला खुणेने विचारलं, काम होतंय ना? मी मान डोलावली.

राहिली होती वाळू. 

उत्तनला जिथे बोटी वर ओढून ठेवतात तिथे आम्ही ओहोटीच्या वेळी गेलो. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास नाकातून डोक्यात जात होता. पास्कूने पाण्याकडे बघितलं. “सर, पाणी फिरलं हाय. लवकर आटपा.”

“चार,” सर म्हणाले, आणि कट्कन रेग्युलेटर फिरवला.

पास्कूने खालचा गिअर टाकला आणि दाबली. गाडीने एक हिसका घेतला आणि मग वाळूवरून अशी निघाली की मलाही मजा वाटायला लागली. सर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून मागचं चाक बघत होते. मी त्यांचा पट्टा धरून बसले होते. “बघ, बघ!” ते ओरडत होते. “चाक वाळू मागे फेकतंय म्हणून आपण पुढे जातोय! त्याला आवरलं तर संपलंच!” त्यांच्या चष्म्यावर, भुवयांवर, तोंडात वाळू होती. इतका आनंदी माणूस मी आमच्या ऑफिसात कधी पाहिला नव्हता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण सर आत आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आता चुकीचं करून बघू.” त्यांनी रेग्युलेटर दोनवर आणला.

“वाळूत दोन?” पास्कू म्हणाला. “सर, बसंल ती.”

“बसते का बघायचंय.”

पास्कू एव्हाना रेग्युलेटरचं ऐकायला इतका सरावला होता की त्याने पाय उचललाच. गाडी मंदावली. तिने एक सुस्कारा टाकला आणि ती बसली. पास्कू घाबरला, त्याने रेग्युलेटर एकवर फिरवून जोरात दाबलं. मागची चाकं गरगरली आणि पाहता पाहता अर्धी वाळूत गेली. पाण्याची एक पातळ लाट आली, चाकाला लागली आणि परत गेली.

पास्कू खाली उतरला. चाकं बघितली, समुद्र बघितला. त्याचा तो बोटीवरचा आवाज गेला होता. “सर,” तो हळू म्हणाला, “ही गाडी गेली तर मी काय करू?”

सरांकडे बघवत नव्हतं. मला वाटलं ते आता काहीतरी समजावतील. पण त्यांनी दोन्ही पेनं खिशातून काढून माझ्या हातात दिली, पॅन्ट दुमडली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चाकापुढची वाळू उपसायला लागले.

वलांडीवरची माणसं धावत आली. कोणी जुनी जाळी आणली, कोणी फळ्या. चाकांतली हवा थोडी सोडली, चाकांपुढे फळ्या आणि जाळी पसरली. सगळे एकदम सांगत होते, दाब, सोड, मागे घे, पुढे घे. पास्कू स्टिअरिंगवर बसला, पण त्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याचा पाय थरथरत होता, गाडी हिसके देत होती आणि प्रत्येक हिसक्याला आणखी खाली जात होती. पाणी आता चाकाशी येऊन थांबायला लागलं होतं.

सर मागच्या चाकाशेजारी पाण्यात पालथे झोपले. कान जवळजवळ चाकाला लावला. मग त्यांनी अशी आरोळी ठोकली की सगळे गप्प झाले.

“पास्कू! एकवर नको! दोनवर ये!”

मी दारापाशी ढकलायला उभी होते, म्हणून मला आतलं दिसलं. पास्कूने हात पुढे केला आणि रेग्युलेटर दोनवर आणला. दोन्ही वायरी तशाच लोंबत होत्या. पण त्याचा पाय शांत झाला. चाक अगदी हळू फिरलं, जाळीवर आलं, जाळी ताणली गेली.

“तसाच… अजून दोन… दोनच… सोडू नको…”

आम्ही ढकलत होतो. गाडी इंचभर वर आली, मग हातभर.

“आता चार!” सर किंचाळले. “चार! चार! सोड तिला!”

रेग्युलेटरचा कट् असा आवाज झाला. पिकअप गर्जला, वाळू, जाळी, पाणी आणि एक फळी मागे उधळली, आणि थेट वर रस्त्याच्या कडेला जाऊन थांबला. उधळलेलं सगळं सरांच्या अंगावर होतं. ते हलेनात. मी धावत गेले. सरांनी वाळूतून डोकं वर काढलं.

“कळलं,” ते म्हणाले. “बर्फावर पकड मिळत नाही म्हणून चाकाला जपायचं. वाळूत चाकाला खणत पुढे जायचं असतं म्हणून सोडायचं. आणि रुतल्यावर आधी जपायचं, निघाल्यावर सोडायचं. हे शेवटचं पुस्तकात नाहीये.”

वर पास्कू रस्त्यावर फतकल मारून बसला होता. एक म्हातारी कोळीण सरांकडे बोट दाखवून त्याला विचारत होती, “ह्यो बाबा कोन रं?”

“ह्यो माझा मोड हाय,” पास्कू म्हणाला.

पुढचा आठवडाभर सर रोज दुपारी सोसायटीच्या पाइपने पास्कूची गाडी गोड्या पाण्याने धुवायचे, खालून, पालथे झोपून. खारं पाणी लागलं की पत्रा खातं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. पास्कूने पहिले तीन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. चौथ्या दिवशी त्याने त्यांच्यासाठी चहा आणला आणि रेग्युलेटर पाचवर ठेवला. तो रेग्युलेटर त्याने परत दिला नाही. पावसात काशीमीऱ्याच्या चढावर तो आपला आपण दोनवर आणायचा, असं त्याची बायको काकूंना सांगायची आणि दोघी हसायच्या.

वाळूचं प्रकरण सरांनी तीन रात्रींत लिहिलं. मूळ इंग्रजी पाऊण पान होतं, सरांचं नऊ पानं झालं. त्यात भरतीची वेळ गावातल्या माणसांना आधी विचारून घ्यावी असं होतं, जुनी जाळी जवळ ठेवावी असं होतं, आणि ‘गाडी दुसऱ्याची असल्यास प्रयोग करू नये’ असंही एक वाक्य होतं. मॅडमचा फोन आला.

“सर, ओरिजिनलमध्ये भरतीच नाहीये.”

“ओरिजिनल लिहिणारा समुद्रावर गेला नसेल.”

“सर, पाऊण पान हवंय मला. नाहीतर मी दुसऱ्याला देते.”

काकू शेजारीच उभ्या होत्या. खालून फरसाण तळल्याचा वास येत होता. सरांनी एकदा काकूंकडे बघितलं आणि म्हणाले, “देतो.” त्यांनी नऊ पानांचं पाऊण पान केलं. इतकं स्वच्छ, सरळ पाऊण पान मी त्यानंतर कधी टाइप केलेलं नाही. आजही वाळूत गाडी घालायची वेळ आली तर मी ते वाचून घालीन.

पण बर्फाचं पान कोरं होतं. सरांनी त्यावर मथळा लिहिला होता आणि खाली काही नाही.

“कारखान्यातलं लिहा ना,” काकू म्हणाल्या. “घसरलात ना तिथे?”

“तो बर्फ नव्हता.”

“मग हिला लिहू दे. हिला बर्फाचं काही वाटत नाही.”

हे खरं होतं. मला बर्फाचं काही वाटत नव्हतं. सर उठले. “लिही,” ते मला म्हणाले. “फक्त मोठ्याने वाचू नकोस.” ते गॅलरीत जाऊन पाठ करून उभे राहिले आणि मी इंग्रजीवरून ते पान टाइप केलं. हळुवार दाबावे, अचानक ब्रेक लावू नये, पुढील वाहनापासून अंतर राखावे. सगळं बरोबर होतं. संध्याकाळी काम अंधेरीला गेलं. फरसाणवाल्याने गाठिया ठेवायला दुसरी जागा बघितली.

पुस्तक छापून आलं. एजन्सीने पुढची दोन पुस्तकंही दिली, ट्रॅक्टरचं आणि कसल्याशा पंपाचं. ट्रॅक्टरचं अर्धं झालं असताना एके दिवशी काकू नवा स्वेटर घेऊन ऑफिसात आल्या. आयुष्यात पहिल्यांदा सरांनी आपणहून सहल ठरवली होती. टूर कंपनीबरोबर, मनाली, भर थंडीत. “लग्नाला इतकी वर्षं झाली, माथेरानच्या वर कुठे नेलं नाही,” काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला बर्फाचं नाव काढवेना.

ते गेल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. लाइनवर खरखर होती. आधी काकूच होत्या.

“अगं, सगळे तिकडे याकवर बसून फोटो काढतायत,” त्या म्हणाल्या. “आणि हे सकाळपासून रस्त्याच्या कडेला एका टॅक्सीच्या चाकाशी वाकून बसलेत. टॅक्सीवाल्याला तीनदा गाडी घसरवायला लावली. मला वाटलं होतं मला फिरवायला आणलंय.” पण त्या चिडलेल्या वाटत नव्हत्या. “थांब, देते. दात वाजतायत यांचे.”

मग सर आले. “कॉम्प्युटर चालू आहे?”

“आहे, सर.”

“लिही.” त्यांनी श्वास घेतला. “बर्फात चाक गरगरते तेव्हा त्याचा आवाज येत नाही. म्हणून चालकाने कानावर विसंबू नये.”

मी टाइप केलं आणि वाचून दाखवलं.

“वाळूत ओरडत होतं ना गं चाक,” ते म्हणाले. “मला वाटायचं सगळीकडे ओरडत असणार. इथे काहीच नाही. गाडी जाते आणि सगळं गप्प असतं.”

“सर, पण पुस्तक छापून झालंय.”

“माहितीये मला.”

“मग हे कुठे घालू?”

पलीकडे कोणीतरी हिंदीत ओरडत होतं, काकू कोणाला तरी चहाचं सांगत होत्या.

“कुठे घालू नकोस,” सर म्हणाले. “नुसतं बरोबर झालंय का ते बघ.”

मी पडद्यावरची ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. वेलांट्या बघितल्या, पूर्णविराम बघितले.

“बरोबर आहे, सर.”

“तू बर्फ पाहिलायस कधी?”

“नाही, सर.”

“मग बरोबर आहे कशी म्हणतेस?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.